पोलिसांत गुन्हा नाही, तरी लीगची बंदी: हे न्यायाला धरून आहे का?

डिचोलीकर

भांडायची सगळ्यांना मोकळीक आहे, म्हणून मुद्दा आधीच उघड मांडतो. ज्या खेळाडूवर पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, किंवा नोंदवला आणि कोर्टाने सोडून दिलं, त्याला लीगने नाहीतर बोर्डाने घरी बसवायचं ते कोणत्या अधिकाराने?

श्रीशांतचं बघा. आयपीएलमध्ये पैसे घेऊन ठरवून खराब गोलंदाजी केल्याच्या (स्पॉट फिक्सिंगच्या) आरोपावरून मे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी उचलला, सप्टेंबरात बीसीसीआयने आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये पतियाळा हाऊस कोर्टाने त्याला आरोपमुक्त केलं. बोर्ड ढिम्म. २०१७ मध्ये केरळ हायकोर्टाने बंदी उठवली, दोन महिन्यांत त्याच कोर्टाच्या खंडपीठाने ती परत बसवली, मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने आजन्म शिक्षा रद्द केली, आणि बोर्डाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. बंदी संपली तेव्हा गडी ३७ वर्षांचा. वेगवान गोलंदाजाने त्या वयात काय करायचं, समालोचन?

अझरुद्दीन तर ९९ कसोट्यांवरच राहिला. २००० साली मॅच फिक्सिंगवरून बंदी, २०१२ मध्ये आंध्र हायकोर्ट म्हणतं बंदी बेकायदा. तेव्हा तो ४९ वर्षांचा होता.

अमेरिकेतला बेसबॉल आपल्याकडे कोण बघत नाही, पण ट्रेव्हर बाउअरचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. एका महिलेने अत्याचाराचा आरोप केला, त्याने तो नाकारला. लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं की खटला भरणार नाही. एप्रिलमध्ये लीगने ३२४ सामन्यांची बंदी घातली, म्हणजे पूर्ण दोन हंगाम. लवादाने ती १९४ सामन्यांवर आणली. पण त्यानंतर त्या लीगमधल्या एकाही संघाने त्याला दारात उभं केलं नाही, जपानला जाऊन खेळला.

ज्याच्यावर खटलाच नाही, त्याला ही शिक्षा. बोला आता.

साऊथस्टँड

सुरुवात मीच करतो. फुटबॉलवाल्यांना चेल्सीचा जॉन टेरी आठवत असेल. ऑक्टोबर २०११, अँटन फर्डिनंडला वर्णावरून शिवी दिल्याचा आरोप. जुलै २०१२ मध्ये लंडनच्या कोर्टाने निर्दोष सोडला. सप्टेंबरात फुटबॉल असोसिएशनने चार सामने बाहेर बसवला, वर २ लाख २० हजार पौंड दंड. मी चेल्सीवाला असूनसुद्धा मला ते बरोबर वाटलं. तुरुंगात टाकायला जेवढा पुरावा लागतो, तेवढाच चार शनिवार बाकावर बसवायला कशाला हवा?

म्हापशेकर वकील

डिचोलीकर बाब, तुमचं पहिलं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. सुप्रीम कोर्टाने श्रीशांतला निर्दोष म्हटलेलं नाही. बोर्डाच्या शिस्तपालन समितीने तो दोषी असल्याचं ठरवलं, ते कोर्टाने कायम ठेवलं. आजन्म शिक्षा जास्त झाली, तिचा पुन्हा विचार करा, एवढंच सांगितलं. दिल्लीच्या कोर्टात तो सुटला त्यामागे कायद्याची मोठी फट आहे. आपल्याकडे मॅच फिक्सिंग हा स्वतंत्र गुन्हाच नाही. पोलिसांनी मकोका लावला, तो टिकला नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात फिक्सिंगला गुन्हा ठरवा असं सुचवलं. उलट इंग्लंडमध्ये जुगाराच्या कायद्यातच फसवणुकीचं कलम आहे, म्हणून लॉर्ड्सवर ठरवून नो-बॉल टाकण्याच्या प्रकरणातले पाकिस्तानचे बट, आसिफ आणि आमिर २०११ मध्ये तुरुंगात गेले. तेच कृत्य भारतात केलं असतं तर कदाचित सुटले असते. मग बोर्डाने त्यांना पुन्हा हार घालून आत घ्यायचं का?

आणि हे फक्त खेळात होतं असं नाही. गोव्यात कितीतरी घरं सरकारी नोकरीवर चालतात, खात्याची चौकशी कोणाला समजावून सांगायला नको. फौजदारी कोर्टात संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, खात्यात पारडं कुठे झुकतं ते बघतात. कोर्टातून सुटलेल्या तलाठ्याची नोकरी जाऊ शकते, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय.

डिचोलीकर

फटीचा मुद्दा मान्य. पण तलाठ्याचं उदाहरण देताना अर्धंच दिलंत, वकीलबाब. निलंबित तलाठ्याला निर्वाह भत्ता मिळतो. चौकशी अधिकारी नेमतात, आरोपपत्र हातात देतात, साक्षीदाराची उलटतपासणी करायला मिळते. शिक्षा झालीच तर वर दाद मागता येते. आणि तलाठी साठाव्या वर्षापर्यंत तलाठी राहतो. खेळाडूची कमाईची वर्षं दहा, फार तर बारा. त्यातली दोन गेली की बाकीच्यांचीही किंमत उतरते.

दुसरं, बोर्डात तक्रारदार कोण, तपास करणारा कोण, निकाल देणारा कोण? सगळे एकाच लिफ्टमधून वर जाणारे.

गोलकीपर बाय

सगळे दादालोक फिक्सिंगवर बोलतायत, म्हणून मी जरा दुसरीकडे वळवते.

पोलिसांत गुन्हा नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं धरून चाललात तर तक्रारीचा रस्ताच बंद. मी शाळेपासून खेळते. संघातल्या पोरीला त्रास झाला तर ती पहिलं कोणाला सांगते? मैत्रिणीला. मग कदाचित घरी. घरचे म्हणतात, खेळ सोड. पोलीस स्टेशनपर्यंत गोष्ट जातच नाही, कारण त्या आधी तिचं खेळणं थांबलेलं असतं. बॅट, बूट माळ्यावर.

अमेरिकन फुटबॉलमधल्या डेशॉन वॉटसनवर मालिश करणाऱ्या वीसहून जास्त महिलांनी दिवाणी दावे केले. त्याने आरोप नाकारले, आणि टेक्सासमधल्या दोन ग्रँड ज्युरींनी (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी) त्याच्यावर आरोप ठेवायला नकार दिला. डिचोलीकर बाबांच्या हिशेबाने तिथेच विषय संपला. पण माजी न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी लीगने मांडलेली चार महिलांची प्रकरणं तपासली आणि त्याने लीगचे नियम मोडल्याचं ठरवलं. सहा सामने बंदी. नंतर तडजोडीत ११ सामने आणि ५० लाख डॉलर दंड. या बायकांना दुसरं कोण विचारणार होतं?

आपल्याकडे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, सामन्याची जागा हे स्पष्ट लिहिलंय. अंतर्गत समितीला चौकशी करायला एफआयआर लागत नाही. आता तुमच्या तालुक्यातल्या क्लबात जाऊन विचारा, समितीत कोण कोण आहे. मी विचारलं होतं. सेक्रेटरीने ड्रॉवर उघडला, बंद केला, आणि चहा मागवला.

साखळीवाला

चहा मिळाला हे नशीब!

पण माझा अनुभव उलटा. आमच्या भागात कापणी झाली की शेतात पिच करून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. एका वर्षी एका पोरावर आळ आला की त्याने पैसे घेऊन शेवटची ओव्हर सोडली. पुरावा काय? तीन फुलटॉस. संध्याकाळी देवळामागे कमिटी बसली, पोराला बोलावलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी संघाच्या यादीत त्याच्या नावावर निळ्या पेनाने आडवी रेघ, बाजूला अध्यक्षाची सही. त्याच्या बापाने विचारलं, किती वर्षं? तर म्हणे बघू. ते ‘बघू’ अजून चालू आहे. पोरगा आता पणजीत डिलिव्हरी करतो.

लीग मोठी असो की वाड्यावरची, रेघ मारणाऱ्याला थांबवणारा कोण, एवढंच माझं विचारणं.

म्हापशेकर वकील

बायचं म्हणणं आणि साखळीवाल्याचं म्हणणं, दोन्ही एकाच निकालात सापडतील, आणि तो निकाल गोव्यातलाच आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाला लैंगिक छळाच्या तक्रारींवरून बडतर्फ केलं होतं. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारवाई रद्द केली. तक्रारी खोट्या आहेत असं कोर्ट म्हणालं नाही. समितीने इतकी घाई केली की त्याला बचावाची धड संधीच मिळाली नाही, म्हणून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. त्याच निकालात हा २०१३ चा कायदा देशभर नीट राबवला जात नाही म्हणून सरकारांना फटकारलं आणि समित्या नेमल्यात का ते तपासायला सांगितलं.

घाईने नुकसान दोघांचं होतं. ज्या मुलींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या, त्यांना चौदा वर्षांनी ‘पुन्हा पहिल्यापासून’ ऐकावं लागलं.

साऊथस्टँड

गोव्याचं निघालंच आहे तर फातोर्डा २०१५ कसं विसरणार. इंडियन सुपर लीग फुटबॉलची (आयएसएल) फायनल, चेन्नईयिनने आमच्या एफसी गोवाला ३-२ ने हरवलं, मी स्टँडमध्ये होतो आणि त्या शेवटच्या दोन मिनिटांबद्दल आजही कोणी माझ्यासमोर काढू नये. सामन्यानंतर राडा झाला, आमच्या एका मालकाच्या तक्रारीवरून चेन्नईयिनच्या एलानोला पोलिसांनी अटक केली, मग जामीन. म्हणजे इथे पोलिसांची केस होती. पण लीगची शिक्षा कोणाला? पुढच्या मे महिन्यात एफसी गोवाला ११ कोटी दंड, दोन मालकांवर अनुक्रमे तीन आणि दोन हंगामांची बंदी, शिवाय पुढच्या मोसमाची सुरुवात उणे १५ गुणांपासून. उणे पंधरा! अपिलात गुण परत आले, दंडही कमी झाला. अपील नसतं तर पंधरा गुण खड्ड्यात घालून खेळलो असतो. (तरीही २०१६ ला तळालाच होतो, तो भाग वेगळा.)

तेव्हा लीगने शिक्षा करावी याला माझं हो आहे, पण अपील लीगच्या खुर्चीबाहेर गेलं पाहिजे. वॉटसनच्या बाबतीत रॉबिन्सनबाईंना लीग आणि खेळाडूंची युनियन दोघांनी मिळून नेमलं होतं, पण त्यांच्या निकालावरचं अपील जातं ते लीगच्या कमिशनरकडे किंवा तो नेमेल त्याच्याकडे. हे मला पटत नाही.

डिचोलीकर

युनियनचं नाव काढलंत ते बरं झालं. अमेरिकेत हे नियम खेळाडूंच्या युनियनशी बसून ठरतात. बेसबॉलचं घरगुती हिंसाचाराचं धोरण २०१५ मध्ये दोघांनी मिळून केलं, म्हणूनच बाउअरला तटस्थ लवादाकडे जाता आलं. आपल्या क्रिकेटमध्ये खेळाडूंची म्हणून जी संघटना बोर्डाने मानली, ती निवृत्तांची. आज खेळणाऱ्याचं तिथे कोणी नाही.

मग काय होतं, तर बोर्डाला वाटेल तसं. २०१८ मध्ये शमीच्या बायकोने आरोप केले, बोर्डाने त्याचा वार्षिक करार रोखला, भ्रष्टाचारविरोधी विभागाने चौकशी केली आणि पैशांच्या आरोपात काही सापडलं नाही म्हणून दोन आठवड्यांत करार दिला. पुढच्या वर्षी हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल टीव्हीवर बायकांबद्दल अचरट बोलले, त्यांना ऑस्ट्रेलियातून परत आणलं, चौकशीच्या आधीच निलंबन, मग लोकपाल नेमायचे बाकी म्हणून निलंबन मागे, आणि एप्रिलमध्ये लोकपालांनी प्रत्येकी २० लाख भरायला लावले. गुन्हा तर सोडाच, तिथे तक्रारदारही नव्हता. कधी दोन आठवडे, कधी आजन्म. धोरण कुठे आहे यात?

गोलकीपर बाय

पांड्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. करार सही करताना बोर्डाची बदनामी करणार नाही असं लिहून देतात ना? जाहिरातींचे पैसे त्याच नावावर घेतात.

डिचोलीकर

वाईट मलाही वाटत नाही, बाय. पण उद्या तेच हत्यार बोर्डावर टीका करणाऱ्यावर चालवलं तर? सही तर त्यानेही केलेली असते.

बरं, मी एक पाऊल मागे घेतो. गुन्हा नसेल तर चौकशीच नको, हा हट्ट सोडला. पण चौकशी होईपर्यंत पगार चालू ठेवा. बाउअरलासुद्धा निकाल लागेपर्यंत पगारी रजेवर ठेवलं होतं. आणि मुदत घाला. २०१३ च्या कायद्यात चौकशीला ९० दिवस दिलेत, तेच इथे लावा. ९० दिवसांत काही सिद्ध झालं नाही तर त्याला मैदानात येऊ द्या.

गोलकीपर बाय

पगार द्या, माझी ना नाही. पण साक्षीदार कोण असणार? त्याच्याच संघातले, त्याच ड्रेसिंग रूममधले, ज्यांना पुढच्या वर्षी करार पाहिजे. ते ९० दिवस गप्प बसले की एक्याण्णवाव्या दिवशी तो परत नेटमध्ये, आणि ती कुठे?

साखळीवाला

त्यासाठी साक्ष बंद खोलीत घ्या, नावं झाका. वकीलबाब, होतं का तसं?

म्हापशेकर वकील

तक्रारदाराचं नाव बाहेर फुटू नये हे कायद्यातच आहे. पण साक्ष काय झाली ते आरोपीला कळायलाच हवं, नाहीतर बचाव कशाचा करणार? विद्यापीठाच्या प्रकरणात घोडं बचावाच्या संधीवरच अडलं होतं. आणि गावातल्या क्लबात अकरा जण, नाव झाकलं तरी आवाज कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक. म्हणून समिती क्लबची नको, राज्य संघटनेची हवी, आणि त्यात बाहेरची व्यक्ती. कायद्यातही अंतर्गत समितीवर बाहेरचा एक सदस्य लागतोच.

गोलकीपर बाय

राज्य संघटनेचा ड्रॉवर कोण उघडणार मग? मी एकदा चहा पिऊन आलेय.

साऊथस्टँड

पुढच्या वेळी मी येतो बरोबर. अर्ज लेखी नेऊ, दोन प्रतींत, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.