1913 च्या नेटिव्ह्ज लँड ॲक्टने कुळांचं जे गेलं, त्याची किंमत कशी धरायची?

जरीब:
दक्षिण आफ्रिकेत 19 जून 1913 पासून कृष्णवर्णीयांना नेमून दिलेल्या सुमारे 7 टक्के जमिनीबाहेर जमीन विकत किंवा खंडाने घ्यायला बंदी झाली. 1936 च्या कायद्याने तो वाटा 13 टक्क्यांच्या आसपास गेला. जमीन गमावलेल्या कृष्णवर्णीय मालकांच्या नुकसानीवर पुष्कळ लिहिलं जातं, मला कुळांचं बोलायचं आहे. ऑरेंज फ्री स्टेटमध्ये अर्धेली चाले: बी, बैल, नांगर आणि राबणं कुळाचं, जमीन गोऱ्या मालकाची, पीक निम्मं-निम्मं. कायद्याने अर्धेलीवरच घाव घातला. मग एकतर बैलांसकट मालकाचा गडी व्हा, नाहीतर गुरं घेऊन चालू लागा. अशी वाटेवर आलेली कुटुंबं कृष्णवर्णीय लेखक-पत्रकार सॉल प्लात्ये यांनी त्याच हिवाळ्यात पाहून नोंदवली.

गेलेली जमीन परत किंवा तिची भरपाई देणाऱ्या, तिथल्या 1994 च्या पुनर्स्थापना कायद्याने अर्धेलीवाला, चाकरीच्या बदल्यात जमीन कसणारा आणि सलग 10 वर्षं वहिवाट असलेला, या तिघांचाही हक्क मानला. प्रश्न रकमेचा आहे. भाडेपट्ट्याचं मूल्यांकन एरवी असं करतात: बाजारखंडातून करारातला खंड वजा करायचा आणि येणारा फायदा उरलेल्या मुदतीवर आकारायचा. अर्धेली वर्षावर्षाची, म्हणजे उरलेली मुदत काही महिने आणि उत्तर जवळजवळ शून्य. माझ्या मते ही रीतच इथे चुकीची. या कुळाचा एक करार गेला नाही, देशाच्या नऊ-दशांशाहून जास्त भागात पुढचा कुठलाही करार करण्याची वाट बंद झाली.

मोजणीदार:
सहानुभूती मान्य, पण कूळ म्हणजे मालक नव्हे. मालक पुढच्या हंगामाला कायदा नसतानाही काढू शकला असता. कायमचं उत्पन्न धरलंत तर जमिनीची मालकीच कुळाच्या नावे लावल्यासारखं होईल. आकडे मांडू. समजा कुळाच्या वाट्याला मक्याची 100 पोती, भाव पोत्याला 10 शिलिंग, म्हणजे 50 पौंड. बी, बैलांची झीज आणि घरच्यांच्या मजुरीचे 30 वजा केले की 20 पौंड निव्वळ. 5 टक्के दराने कायमचं धरलं तर 400 पौंड, 5 वर्षांचं धरलं तर साधारण 87. मुदत ठरवणाराच निकाल ठरवतो. ती पुराव्याशिवाय कशी ठरवणार?

जरीब:
नूतनीकरणाच्या शक्यतेने. दर हंगामाला जमीन पुन्हा मिळण्याची शक्यता 90 टक्के धरा, दर तोच 5 टक्के. 5 टक्के दर आणि जमीन न मिळण्याची 10 टक्के शक्यता मिळून 0.15; वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाचा गुणक येतो 1 भागिले 0.15, म्हणजे 6.67, आणि रक्कम 133 पौंड. शक्यता 95 टक्के असेल तर गुणक 10, रक्कम 200. कूळ त्याच शेतावर किती हंगाम टिकलं होतं, यावरून शक्यता ठरते. यात मालकी कुळाला देण्याचा प्रश्नच येत नाही. आणि ज्या कायद्याने नुकसान केलं त्याच कायद्याने पडलेला भाव आधार धरायचा नाही, हे तत्त्व भूसंपादनात जुनंच आहे.

कूळकायदा:
आपल्याकडे कुळांच्या हक्काची तोलणी कायद्यानेच केली. मुंबई कूळवहिवाट कायद्याप्रमाणे 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला कूळ मानीव खरेदीदार झालं, म्हणजे जमीन त्याने विकत घेतली असं कायद्यानेच मानलं. कायम कुळाने खंडाच्या 6 पट मोजायचे, बाकीच्यांना आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पट. वहिवाट जितकी पक्की तितका मालकाचा उरलेला हिस्सा लहान, हे विधिमंडळाने आकड्यात मांडलं. दक्षिण आफ्रिकेतही भरपाई मोजताना कायम कुळाची अशी वेगळी पायरी मांडायला हवी, नाहीतर सगळ्यांनाच साधा भाडेकरू धरलं जाईल.

मोजणीदार:
पायरी मांडायला कागद लागतो. अर्धेलीचे करार तोंडी होते.

पेरणी:
तोंडी असले म्हणून पुरावा नसतो असं नाही. 1913 च्या कायद्याखाली जमिनीची वाटणी तपासणाऱ्या ब्यूमाँट आयोगाची 1916 पर्यंतची साक्ष-नोंद आहे, दंडाधिकाऱ्यांची दप्तरं आहेत, शेतावरच्या थडग्यांवर तारखा असतात. नेमकी चूक होते ती गुरांच्या बाबतीत. चाऱ्याअभावी भर हिवाळ्यात विकलेल्या बैलाचा मिळालेला भाव मूल्य म्हणून नोंदवला जातो. तो बळजबरीचा भाव. हंगामातला भाव घ्या, फरक नुकसानीत टाका, वाटेत मेलेली जनावरं वेगळी मोजा. विहीर, घर, कुंपण यांचं मूल्य बांधणी खर्चातून घसारा वजा करून. हे सगळं 133 पौंडांच्या बाहेरचं आहे.

जरीब:
ही दुरुस्ती मान्य. माझ्या मांडणीत गुरं राहूनच गेली होती.

मोजणीदार:
मलाही मान्य. पण आजच्या पैशात आणताना घोळ होतो. 1961 मध्ये 1 पौंडाचे 2 रँड झाले, हे विसरल्याने रक्कम निम्मी होते. मग वाढ कशाने करायची? 100 वर्षांत 3 टक्क्यांनी रक्कम सुमारे 19 पट होते, 6 टक्क्यांनी 339 पट. तिथल्या घटना न्यायालयाने 2014 मध्ये जमीन भरपाईच्या फ्लॉरेन्स खटल्यात ठेवीच्या व्याजदराऐवजी ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे महागाईचं माप, योग्य ठरवला. तो बरोबर आहे, कारण तेव्हा मिळालेली रक्कम कुटुंबाने बँकेत ठेवलीच असती असं गृहीत धरता येत नाही.

पेरणी:
इथे असहमत. निर्देशांक फक्त रकमेची क्रयशक्ती टिकवतो. अर्धेलीवाल्याकडे ज्या बैलजोडीने दुसऱ्या वर्षीचं पीक आलं असतं, ती जोडी म्हणजे उत्पन्न देणारं भांडवल. मूळ 133 पौंडांना निर्देशांक लावा, पण बैलांच्या रकमेला निदान त्या काळच्या कर्जाचा व्याजदर हवा. दोन्ही रकमा वेगळ्या ओळींत ठेवल्या नाहीत, तर न्यायालयाला फरक दिसणारच नाही.