ज्वारीतलं लोह दर वेळी वेगळं येतंय. आयसीपी-एमएसला (धातू अगदी बारकाईनं मोजणाऱ्या यंत्राला) पाठवू का?

शिवारकन्या, परभणी
एमएस्सीसाठी ‘परभणी शक्ती’ (लोह-जस्त जास्त असलेला वाण) आणि मालदांडी (नेहमीचा वाण) ज्वारीतलं लोह-जस्त मोजतेय. जस्ताचे आकडे जुळतात. लोह मात्र एकाच पोत्यातल्या दाण्यांत कधी ३८, कधी ६० मिग्रॅ प्रतिकिलो! दाणे मळणीयंत्रावरचे, दळते स्टीलच्या मिक्सरमध्ये, मोजणी एएएसवर (प्रकाश शोषणावरून धातू मोजणारं यंत्र). आयसीपी-एमएसचा खर्च झेपणारा नाही, म्हणून आधी विचारते.

गोदाकाठ
ताई, घाई करू नका. जस्त जुळतंय म्हणजे मशीन आणि तुमचा हात, दोन्ही बहुधा ठीक आहेत. लोह बाहेरून येत असणार. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोह टक्क्यांनी असतं, दाण्यात मात्र लाखात चार भाग. हिशोब करून बघा: किलोभर दाण्याला ३०० मिग्रॅ फुफाटा चिकटला आणि त्यात ७ टक्के लोह धरलं, तर २१ मिग्रॅ वाढले. तुमचा फरक जवळपास तेवढाच आहे! ‘परभणी शक्ती’चं लोह ४५च्या आसपास सांगतात, एवढ्याशा धुळीनं साधा वाणही तिच्या पुढे जाईल.

कणसं शेतातून थेट कागदी पिशवीत घ्या, हातानं मळा, दाणे डिआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यानं झटपट धुऊन वाळवा. चार-पाच नमुन्यांत ॲल्युमिनियमही मोजून घ्या, ते मातीत भरपूर असतं, दाण्यात जेमतेम; आयसीपीचा खर्च तेवढ्यापुरता करा. लोहासोबत ॲल्युमिनियम चढलं तर माती. लोह एकटंच चढलं तर मिक्सरच्या पात्यावर संशय घ्या.

नायट्रिक
वरच्याशी सहमत. प्रत्येक बॅचला ब्लँक (दाण्याविना तीच चाचणी) आणि प्रमाणित पीठ (ज्यातलं लोह आधीच ठाऊक आहे ते) लावाच. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचं तांदळाचं किंवा गव्हाचं मिळतं. भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवा. पण ब्लँक आणि प्रमाणित पीठ तुमच्या मिक्सरमधून जातच नाहीत, म्हणून दळणातली भर त्यांना दिसत नाही. स्पाइक रिकव्हरीचंही (मुद्दाम घातलेल्या लोहापैकी किती परत मोजलं गेलं, त्याचंही) तेच, ९८ टक्के आली तरी निर्धास्त होऊ नका. धुतलेल्या दाण्यांचे दोन भाग करा, एक मिक्सरमध्ये दळा, दुसरा अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात कुटा. फरक दिसला तर मिक्सर बंद.

शिवारकन्या
खूप आभार! आधीचे आकडे टाकून देऊ का?

गोदाकाठ
जस्ताचे ठेवा. लोहासाठी शिल्लक दाणे धुऊन, खलात कुटून पुन्हा मोजा. आणि प्रबंधात दाणे कसे मळले, कसे दळले ते नक्की लिहा.