भंगारातली भट्टी: जीआय पाइप चालतो का?

काळाघण
काल इथे 'दोन तासांत कोळशाची भट्टी' ही लोहारकामाची पोस्ट वाचली, ती रात्रभर डोक्यातून गेली नाही. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खाली जीआय (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आत सिमेंटचा गिलावा, हवेला हेअर ड्रायर. आणि शेवटी काय, तर 'मिळेल ते जोडा, आगीला काही कळत नाही.'

आगीला कळतं हो! जस्त ४२० अंशांना वितळतं, ९०७ ला उकळतं, आणि लोखंड नीट घडवायचं तर आपण ११०० च्या आसपास जातो. माझी पहिली भट्टी अशीच होती. निखारे धरणाऱ्या जाळीखाली जेमतेम दोन बोटांवर जीआयचा एल्बो, म्हणजे वाकडा जोड. जस्ताचा पांढरा धूर दिसला, तोंडाला गोडसर धातूची चव आली, तरी मी हातोडा खाली ठेवला नाही. रात्री हुडहुडी भरली ती अशी, की दोन पांघरुणांत दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण फुप्फुसांशी असला खेळ मी कुणालाही शिकवणार नाही. सिमेंटचं तेच. ते आत पाणी धरून बसतं, तापलं की टवके उडतात. माझ्या भुवईवर खूण आहे.

भंगारप्रेमी
ती पोस्ट माझी. दोन वर्षं त्याच भट्टीवर काम करतोय, एकदाही ताप आला नाही. माझा पाइप जाळीपासून वीतभर खाली आहे, आतून सतत गार हवा वाहते. तुम्ही एल्बो निखाऱ्यांना चिकटवलात, त्याचा दोष माझ्या पाइपला का? ज्याला तयार भट्टी परवडत नाही त्यानं काय नुसतं बघत बसायचं? तुमच्या या धाकानंच नवी पोरं ऐरणीपासून लांब पळतात.

काळाघण
भंगाराला मी कधी नाव ठेवलं? माझी ऐरण म्हणजे रुळाचा तुकडाच आहे. पण ब्लोअर बंद केल्यावर ती गार हवा कुठून येणार? निखारे जाळीतून टीमध्ये पडतात आणि तिथेच धुमसत राहतात. तेव्हा कधी हात लावून बघितलात?

फुंकणी
ब्लोअर बंद करण्यावरून सांगते. वर कच्चा कोळसा टाकला होता, फोन आला म्हणून ब्लोअर बंद करून गेले. परत येऊन बटण दाबलं आणि पाइपात धाडकन स्फोट, खालचं राख काढायचं झाकण उडून पायाशी पडलं. न जळलेला वायू पाइपात उतरून बसतो. तेव्हापासून हवा थांबवली की आधी ते झाकण उघडते.

निखारा
पाइपावरून भांडताय, पण मुळात दगडी कोळसा कशाला? पिवळा धूर, गंधक, आणि थोड्या थोड्या वेळानं जाळीवर काचेसारखा चिकट गोळा. लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा घ्या. १७०९ मध्ये इंग्लंडात एब्रहॅम डार्बीनं कोकवर (दगडी कोळसा भाजून केलेल्या इंधनावर) लोखंड गाळलं, तोवर सगळं जग लोणारीवरच चाललं होतं.

सांडशी
सगळं जग नव्हे. चीनमध्ये ११ व्या शतकात, सोंग राजवटीतच, लोखंड गाळायला दगडी कोळसा वापरत होते. आणि लोणारीचं पोतं बघता बघता संपतं, ठिणग्यांनी बाह्यांना भोकं पडतात. दगडी कोळशाचा कोक झाला की तो चिकटून घुमटी धरतो, धग पोटात कोंडते. जाड लोखंडी पाटा लोणारीवर तापवून दाखवा.

निखारा
गेल्याच महिन्यात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची कोयती केली, लोणारीवर. थर वीतभर तरी लावा आणि हवा कमी ठेवा. हेअर ड्रायर पूर्ण सोडलात तर पोतं संपणारच! नळीत पत्र्याची झडप बसवायला कितीसा वेळ लागतो? लोक वारा मोजत नाहीत आणि कोळशाला शिव्या घालतात. वर्षानुवर्षं हेच ऐकतोय.

सांडशी
झडपेचं मान्य. कच्च्या कोळशाच्या धुरात लोखंड ठेवू नये, हेही मान्य. बाकी काही नाही.

नवशिका
अहो, मी ड्रम आणून ठेवलाय, रविवारी सुरुवात करणार होतो. मी नेमकं काय करू?

फुंकणी
आधी तो ड्रम ओल्या फडक्यानं पुसा. कोरडा घासू नका, फुंकू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ ड्रममध्ये बसलेली असू शकते. इतका वेळ वाद चाललाय आणि हे एकानंही सांगितलं नाही, याचा मला संताप येतोय. पाइप काळा घ्या, मुलामा नसलेला. ओतीव ड्रमला अस्तर नसलं तरी चालतं. लावायचंच तर माती, वाळू आणि राख मळून लावा, नीट वाळू द्या, पहिला जाळ अगदी मंद ठेवा. आणि बंद खोलीत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भंगारप्रेमी
अ‍ॅस्बेस्टॉसचं मला माहीत नव्हतं. मी ड्रम तारेच्या ब्रशनं कोरडाच घासला होता. पोस्टमध्ये सगळ्यात वर हे लिहितो. काळाघण यांचा सूर मला लागला, अजूनही लागतोय. पण आज काम संपवून अर्ध्या तासानं टीला हात लावायला गेलो, लावता आला नाही. काळा पाइप आणतो. सिमेंट मात्र दोन वर्षं टिकलंय, ते काढणार नाही.

काळाघण
पाइपाबद्दल मनापासून आभार. सिमेंट टिकलंय, कारण ते अजून भिजलेलं नाही. भट्टी उघड्यावर असेल तर निदान झाकून ठेवा, आणि भिजलीच तर पेटवताना तोंड लांब ठेवा.