अनुभव धागा: खिशाला झेपणारा एचडी कॅमकॉर्डर – काय घेतलं, कसं निभावलं?

पडद्यामागे

आमचा हौशी नाटकवाल्यांचा गट आहे. एकांकिका बसवतो, त्यांचं शूटिंग करून ठेवायचं असतं, आणि यंदा वीसेक मिनिटांची एक फिल्मही डोक्यात घोळतेय. पैसा वर्गणीचा, म्हणजे ओढूनताणून तीस हजार. त्यातच कॅमेरा, त्यातच ट्रायपॉड, त्यातच माइक. दुकानात विचारलं तर "मॅडम, हँडीकॅम आता कोण घेतं, मिररलेस बघा" म्हणतात, आणि मिररलेसची, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या फोटो कॅमेऱ्याची, किंमत बघून आम्ही चहा पिऊन घरी येतो. ऑनलाइन बघावं तर कधी न ऐकलेल्या नावांचे "४के, ४८ मेगापिक्सेल, १८ एक्स" असे कॅमेरे चार आकडी किमतीत.

तर घरच्या कार्यक्रमांसाठी, लघुपटासाठी, नाटकासाठी ज्यांनी स्वस्तातला हँडीकॅम घेतला, नवा किंवा वापरलेला, त्यांनी लिहा. तुलनेचे तक्ते नकोत, ते ढिगाने सापडतात. हातात घेतल्यावर काय उपयोगी पडलं आणि काय नडलं तेवढं सांगा.

तानपुऱ्याचा_कान

माणसं कॅमेऱ्याची आधी लेन्स बघतात, मी कडेचं रबरी झाकण उघडतो. आत साडेतीन मिलिमीटरचं माइकचं भोक आहे का, शेजारी हेडफोनचं आहे का? दोन्ही असतील तर किमतीचं बोलायचं. तुमच्या बजेटमध्ये चित्र सगळ्यांचंच बरं येतं. गाडी अडते ती आवाजावर.

सोनीचा सीएक्स४०५ अगदी सुटसुटीत, ३० पट ऑप्टिकल झूम, पण बाहेरचा माइक लावायची सोय त्यात नाही. बारसं, सहल, मुलांचं गॅदरिंग यांना छान. मला घरगुती मैफली टिपायच्या होत्या म्हणून मी पॅनासॉनिकचा व्ही७७० वापरलेला घेतला. त्याला दोन्ही भोकं आहेत.

मैफलीतला प्रकार सांगतो, नाटकालाही लागू आहे. कॅमेरा आवाजाची पातळी आपणच वरखाली करत असतो. नुसते तानपुरे चालू असताना तो सगळं वर ओढतो, त्यामुळे पंख्याची घरघर आणि मागच्या रांगेतलं खोकणंसुद्धा मैफलीत सामील होतं. तबल्यावर पहिली थाप पडली की दचकून सगळं खाली दाबतो आणि तानपुरे गायबच होतात. मग पुन्हा सावकाश वर. एकांकिकेत दोन संवादांमधल्या शांततेचं असंच होतं, ज्या जागी प्रेक्षकाने श्वास रोखायचा तिथे हॉलचा गुणगुणाट ऐकू येतो. म्हणून मेन्यूत माइक लेव्हल मॅन्युअल होते का ते दुकानातच बघा. होत असेल तर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पट्टी लावून सोडून द्यायची.

अजून एक. फोनसाठी मिळणाऱ्या कॉलर माइकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची पिन लागते. तीनवाली पिन भोकात मजेत बसते आणि आवाजच येत नाही, किंवा खरखर येते. छोटासा अडॅप्टर मिळतो, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मागा.

माइकचं भोक नसलेलाच कॅमेरा पदरात पडला तर आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा, जुळवायला तीच लागते. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एक नसतात, तासाभराने ओठ आणि शब्द सुटायला लागतात. प्रत्येक अंकाला नवी टाळी.

खिसापाकीट

एवढा खटाटोप कशाला? फोन आहे ना सगळ्यांकडे. २०१५ मध्ये अमेरिकेत एक अख्खा चित्रपट आयफोन ५एस वर काढून थिएटरात लावला लोकांनी. तीस हजारांचे माइक आणि लाइट घ्या, फोन ट्रायपॉडवर लावा, विषय संपला.

वैनगंगेकाठचा

फोनवाल्या भाऊंनी एकदा गडचिरोलीतल्या वडशाला यावं. आमच्याकडं झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात. गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती) किंवा मंडईची जत्रा असली की रात्री नाटक ठरलेलं. पडदा उघडायलाच दहा-अकरा वाजतात आणि नाटक संपते तेव्हा पाखरं बोलायला लागलेली असतात. मी दोन नाटक मंडळ्यांसाठी शूटिंग करतो. फोनवर मधेच कुणाचा तरी फोन येते, स्टोरेज भरते, आणि स्टेजपासून शंभर फुटांवरून झूम केलं की नायिकेच्या चेहऱ्याचा लाडू होते.

डीएसएलआरही वापरून पाहिला. बऱ्याच मॉडेलांमधे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर रेकॉर्डिंग आपोआप बंद होत असे. त्यामागं युरोपातलं आयातशुल्क होतं, सलग अर्धा तास आणि वर रेकॉर्ड करणारा कॅमेरा तिथं व्हिडिओ कॅमेऱ्यात मोजला जाई आणि कर वाढे. ब्रुसेल्सचा कर आणि आमच्या गावातला तिसरा अंक! हँडीकॅमला ही भानगड नाही. कार्ड भरेपर्यंत चालतो.

कार्डाचा हिशेब असा. एव्हीसीएचडी या हँडीकॅमच्या नेहमीच्या रेकॉर्डिंग प्रकारात सगळ्यात वरची २४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) ठेवली तर तासाला अकराएक जीबी जातात. १७ ठेवली तर पावणेआठ, म्हणजे ६४ जीबीच्या एका कार्डात अख्खी रात्र बसते. नाटकाला १७ पुरते, स्टेजवर कॅमेरा फारसा हलवायचा नसतो. सोबत येणारी बॅटरी लहान असते, ती तासाभराची सोबतीण. मी जनरेटरवरून अडॅप्टर लावतो, पण बॅटरी मागं लागलेलीच ठेवतो. डिझेल संपून अंधार झाला तरी रेकॉर्डिंग चालू राहते, आणि त्या अंधारात प्रेक्षक नटांना काय काय बोलतात तेही येते. ते मी कापत नाही.

सकाळी कॉम्प्युटरवर घेताना कार्डावरचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पाडते. नुसत्या व्हिडिओच्या एमटीएस फाइली उचलून टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवल्या की सांध्यावर आवाज क्षणभर तुटते, आणि तो सांधा नेमका लावणीत येते. कॅमेऱ्यासोबतच्या सॉफ्टवेअरमधून घेतलं तर अखंड फाइल मिळते.

आणि मागं काळा पडदा असला की ऑटोवर चेहरे पांढरेफटक येतात, कारण कॅमेरा पडद्याच्या काळ्याला उजळवायला जाते. बहुतेक हँडीकॅमात स्पॉटलाइट नावाचा मोड असते, तो लावा. नाहीतर उजेड हातानं कमी करून लॉक करा. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर नको, लाल-निळे लाइट बदलले की तो गोंधळते.

खिसापाकीट

वडशापुढे हात टेकले. पण वीस मिनिटांच्या फिल्मला फोनच, यावर मी ठाम आहे.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितेय. भारतातले नातेवाईक "तिकडून स्वस्तात कॅमेरा आण" म्हणतात, त्यांच्यासाठी. इथले कॅमेरे सेकंदाला ६० किंवा ३० फ्रेमच्या हिशेबाने चालतात, भारतातली वीज ५० हर्ट्झची. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला रत्नागिरीच्या घरात माजघरातल्या ट्यूबलाइटखाली शूट केलं, तर भिंतीवर उजेड लाटांसारखा सरकताना दिसायला लागला. अंगणात सगळं उत्तम, उंबरा ओलांडला की लाटा. ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि कॅमेऱ्याची १/६० सेकंदाची शटर त्याच्याशी जुळत नाही. मॅन्युअलमध्ये जाऊन शटर १/१०० केली आणि लाटा थांबल्या. चित्र थोडं अंधारलं, म्हणून दारं-खिडक्या उघडल्या. हे करता आलं कारण कॅमेऱ्यात शटर हाताने बदलता येत होती. पूर्ण ऑटो कॅमेरा असता तर सगळा सोहळा बॅटरीच्या दिव्यांवर करावा लागला असता.

वापरलेला कॅनन घेणाऱ्यांनी अंगावरचं नाव वाचावं. अमेरिकेतल्या मॉडेलवर "विक्सिया" लिहिलेलं असतं, भारत-युरोपातल्यावर "लेग्रिया". आकडे तेच असले तरी आतली चाल, म्हणजे फ्रेमचा हिशेब, वेगळी.

जुनी_कॅसेट

आमचा कॅनन एचव्ही२०, २००७ चं मॉडेल, अजून चालू आहे म्हणून हजेरी लावतो. तो एचडीव्ही, म्हणजे मिनीडीव्हीच्या त्याच टेपवर हायडेफिनिशन. त्या काळी एवढ्या पैशांत २५ फ्रेमचं सिनेमासारखं चित्र, माइक आणि हेडफोन दोन्ही, असं दुसरं फारसं काही मिळत नव्हतं. जगभरच्या हौशी मंडळींनी त्याच्यापुढे अडॅप्टर लावून जुन्या फोटो कॅमेऱ्यांच्या लेन्स बसवल्या. आम्हीही बसवली. चित्र उलटं दिसायचं, म्हणून कॅमेरामन मान वाकडी करून उभा. हौसेला मोल नाही.

आज कुणी अगदी स्वस्तात देत असेल तरी दहादा विचार करा. तासाची टेप कॉम्प्युटरवर उतरवायला पूर्ण तास लागतो, तीही फायरवायरने, आणि ते पोर्ट आता लॅपटॉपला येत नाही. मी त्यासाठी एक म्हातारा डेस्कटॉप पाळला आहे. टेपवर कचरा असेल तर साध्या डीव्हीत चौकोन चमकून जायचे, एचडीव्हीत चित्र जवळजवळ अर्धा सेकंद गोठतं, कारण डझनभर फ्रेम एका गठ्ठ्यात दाबलेल्या असतात. शिवाय टेपच्या मोटरची घरघर अंगच्या माइकमध्ये येते, शांत खोलीत फार जाणवते. याउलट घरात जुन्या एचडीव्ही टेपा पडून असतील तर मात्र असा कॅमेरा जरूर शोधा, साध्या मिनीडीव्हीच्या कॅमेऱ्यात त्या दिसणार नाहीत.

रंकाळ्यावरून

बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला त्या कोल्हापूरचे आम्ही, त्यामुळं "चांगला कॅमेरा नाही म्हणून फिल्म होईना" असं म्हणायची सोय नाही बघा.

आमची फिल्म कॅनन लेग्रिया एचएफ जी१० वर झाली. २०११ चं मॉडेल, वापरलेलं घेतलं. त्याचा सेन्सर १/३ इंची आणि फक्त २० लाख पिक्सेलचा, म्हणजे १९२० गुणिले १०८० ला लागतात तेवढेच. ऐकायला दरिद्री वाटतं, पण तेवढ्याच जागेत पिक्सेल कमी म्हणजे प्रत्येक पिक्सेल मोठा, आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्याचा फरक कळतो. वर म्हटलेले ४८ मेगापिक्सेलवाले डबे याच्या नेमके उलटे. छोटा सेन्सर, ऑप्टिकल झूम नाहीच, "१८ एक्स" म्हणजे चित्र कापून ताणलेलं. फोकसची रिंगही नाही. ते घेऊ नका. तिथं मी खिसापाकीट यांच्या बाजूचा, त्यापेक्षा फोन शंभर पटीनं बरा.

जी१० चाच सेन्सर कॅननच्या एक्सए१० मध्ये आहे, वर एक्सएलआर माइकची (व्यावसायिक माइक लावायची) मूठ जास्त. ती मूठ नको असेल तर जी१० स्वस्त पडतो. दोन कार्डं बसतात, एक भरलं की दुसऱ्यावर जातो.

फिल्मसाठी शटर १/५० ला बांधून ठेवायची. दुपारच्या उन्हात मग उजेड फार होतो, त्यासाठी लेन्सवर काळी एनडी काच लावायची, याला ५८ मिलिमीटरची बसते. ऑटोवर सोडलं की शटर पळते आणि धावणारा माणूस तुटक तुटक दिसतो, नकळत टीव्हीच्या बातम्यांसारखं वाटायला लागतं. मेन्यूत पीएफ२५ निवडा. गंमत अशी की चित्र २५ प्रोग्रेसिव्हचं (सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम) असलं तरी फाइल स्वतःला ५०आय (सेकंदाला ५० अर्धी चित्रं) म्हणवते. एडिटिंगमध्ये तिला प्रोग्रेसिव्ह समज असं हातानं सांगावं लागतं, नाहीतर सॉफ्टवेअर उगाच डीइंटरलेस करून बारकावे पुसतं.

मागचं धूसर हवं असेल तर छोट्या सेन्सरवर एकच उपाय, कॅमेरा लांब न्या आणि झूम करा. आम्ही पन्हाळ्यावर बाईच्या क्लोजअपसाठी कॅमेरा तटबंदीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. दिग्दर्शक फोनवरून "ॲक्शन" म्हणत होता.

पडद्यामागे

सगळ्यांचे मनापासून आभार. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात एक जी१० सांगितलाय, बजेटात बसतोय, माइकपुरते पैसेही उरतायत. बघायला जाताना काय काय तपासू?

तळकोकणी

आमच्या दमट हवेत कॅमेरे ठेवून हे शिकलोय. लेन्सवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कमी करतो म्हणाला तरी नको. मग झाकण लावून अंधारात एक मिनिट रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा, एकाच जागी लाल-पांढरा ठिपका चमकत राहिला तर पिक्सेल बिघडलेला. स्क्रीन उघडून पूर्ण फिरवा, उलट-सुलट दोनदा, मधेच काळी पडली तर आतली पट्टी जायला आलीय. झूम टोकापासून टोकापर्यंत हळू न्या, अडखळता कामा नये. खाली ट्रायपॉडचे आटे झिजलेत का बघा. बॅटरी फुगलेली असेल तर ती त्यालाच परत द्या आणि नवीची किंमत वजा करा.

आपलं कार्ड आणि आपले हेडफोन घेऊन जा. माइक लावून, हेडफोन कानात घालून भोकातली पिन जरा हलवा, खरखर आली तर सांधा सुटलाय. आणि शक्यतो दिवे लागल्यावर जा. भर दुपारी दुकानाच्या दारात सगळेच कॅमेरे गुणी असतात.

तानपुऱ्याचा_कान

शनिवारी संध्याकाळी जाणार असाल तर मी फोर्टातच असतो. माझा माइक घेऊन येतो, दोन रेघांचा.