रिचार्जच्या पावत्या आणि सिम कुणाच्या नावावर

प्रेषक: खजिनदार

मंडळी,

इथं इंग्लंडात आपलं मंडळ पैसे जमवून सातारा-सांगलीकडच्या दिव्यांग मुलांना मोबाईल-इंटरनेटचा खर्च परत देतं, त्या दिव्यांग विद्यार्थी निधीच्या पावत्या साताऱ्याच्या संस्थेकडून आल्या. निम्म्याहून जास्त पावत्यांवर विद्यार्थ्याचं नावच नाही. कुठे नुसता मोबाईल नंबर आणि रक्कम, कुठे वडिलांचं नाव, एक तर मोबाईल शॉपीच्या वहीतलं फाडलेलं पान, त्यावर पेनानं "रिचार्ज मारला" एवढंच. असल्या कागदावर मी पैसे पास करू शकत नाही. मागच्या ऑडिटला कोण उभं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ज्यांचं बिल स्वतःच्या नावावर नाही त्यांनी सिम नावावर करून घ्यावं, मग परतावा मिळेल. तोवर सहामाही हप्ता थांबवला आहे.

घरच्या वायफायचा घोळ वेगळाच. दोघांनी अख्खं बिल लावलंय. घरातले बाकीचे काय हात जोडून बसतात?

प्रेषक: आप्पा

खजिनदारसाहेब, शिस्त पाहिजेच, त्यात दुमत नाही. पण हप्ता थांबवायचं कधी ठरलं? त्या बैठकीला मी होतो. चहा आला आणि विषय संमेलनाच्या हॉलवर गेला तो परत आलाच नाही.

दुसरं म्हणजे, तिकडं ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. नगरपालिकेलाही तेच. तो पैसा मागा की. आपण पौंड पाठवायचे आणि सरपंचांनी कमानी बांधायच्या, हे बरं आहे!

प्रेषक: माई

आप्पा, पाच टक्के कशाचे? स्वउत्पन्नाचे. पाटणच्या वरच्या अंगाला वाडीत घरपट्टी-पाणीपट्टी जमते किती, आणि त्यातले पाच टक्के होणार किती? वर्षातून एकदा काहीतरी हातावर टेकवतात, फोटो काढतात, झालं. ते मागायचंच, पण त्याच्या भरवशावर पोराचं इंटरनेट चालत नाही.

खजिनदार भाऊ, तुमच्याशी भांडायचं नाही. पण सिम नावावर करून घ्या म्हणताय ती पोरं कितवीत आहेत ते यादीत बघितलं का? बरीचशी अकरावी-बारावीची. भारतात १८ वर्षांखालच्याला सिम देताच येत नाही, दूरसंचार खात्यानं २०२१ मध्ये तसं लेखी काढलंय. म्हणजे जे कायद्यानं शक्य नाही त्याची पावती आपण मागतोय.

प्रेषक: बापू (सांगली)

माईंचं बरोबर. पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. दर वेळी साताऱ्याचीच संस्था का? सांगली-मिरजेत माणसं मेलीत काय? जत-आटपाडीच्या पोरांनी साताऱ्याला कुरिअर करायचं, तिथून स्कॅन होऊन इंग्लंडला. कृष्णामाई साताऱ्याहून सांगलीला येते तेवढं पुरे, कागद तरी उलटे नेऊ नका.

प्रेषक: खजिनदार

बापू, हे दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, परत लिहितो. आपलं मंडळ भारताच्या दृष्टीनं परदेशी स्रोत. आपला पैसा तिथल्या संस्थेनं घ्यायचा तर तिची एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेत खातं लागतं. साताऱ्याच्या संस्थेकडे दोन्ही आहे, तुम्ही सुचवलेल्या सांगलीच्या संस्थेकडे नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर साताऱ्यानं तो पैसा घेऊन सांगलीच्या संस्थेला पुढे देणंही बंद झालं. साताऱ्याची संस्था थेट जतच्या मुलाला मदत करू शकते, सांगलीच्या संस्थेला नाही. यात माझा साताऱ्याचा अभिमान वगैरे काही नाही. मी मूळचा फलटणचा, आम्हाला सातारावाले तरी कुठे मोजतात.

प्रशासकीय खर्चही त्या दुरुस्तीनं ५० वरून २० टक्क्यांवर आणला. संस्था पावत्या तपासायला माणूस ठेवेल ही आशा सोडा.

प्रेषक: नंदू

हे सगळं फार गुंतागुंतीचं करताय राव. नंबरांची यादी द्या, मी माझ्या इथल्या कार्डानं सगळ्यांचे रिचार्ज मारतो. दहा मिनिटांचं काम. मंडळानं मला परत द्यावेत.

प्रेषक: खजिनदार

नंदू, तुझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. तू स्वतःच्या बचतीतून कुणाला रिचार्ज मारलास तर तो परदेशी पैसा ठरत नाही. पण मंडळानं तुला ते परत दिले की तो मंडळाचाच पैसा झाला, मागच्या दारानं गेलेला. माझ्यासारख्या ओसीआयवाल्याचा, म्हणजे मूळ भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्याचा, तर स्वतःचा पैसाही परदेशीच. कृपया दहा मिनिटांची कामं सुचवू नका.

प्रेषक: ताई (मिरज)

मी मेल कमी लिहिते, पण पावत्या गोळा करणारी मीच, म्हणून लिहिते. वहीतलं पान माझ्याकडूनच आलंय.

पलूसच्या बाजूची एक मुलगी आहे, कर्णबधिर, बी.कॉम.ला. तिच्या घरी मी बसले होते. वर्ग झाला की ती खुणांची भाषा येणाऱ्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावते आणि दोघी मिळून सरांनी काय शिकवलं ते लावून घेतात. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. आपल्याला कानाला फोन लावून भाजी चिरता येते, तिला येत नाही. असा कॉल चांगल्या चित्राचा असेल तर तासाला जीबीभर डेटा सहज जातो. रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो, मग स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. तुमचं-माझं त्यात निदान बोलणं तुटक-तुटक चालतं. तिचं चित्र अडकतं, बोटं धूसर होतात, अर्धी खूण गायब. म्हणजे बोलणंच बंद. तिच्या बापानं वायफाय घेतलं ते एवढ्यासाठी. त्याच्याकडे स्वतःकडे बटणाचा फोन आहे, भाजीच्या गाड्यावर असतो. आई तेही वापरत नाही. खजिनदारसाहेब, बाकीचे खरंच हात जोडूनच बसतात.

अंध मुलांचं वेगळं. पडद्यावरचं वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए आणि मोबाईलचं टॉकबॅक, फुकट आहेत, त्यांना नेट लागतंच असं नाही. पण कॉलेजनं पाठवलेल्या नोट्स म्हणजे पानांचे फोटो. स्क्रीन रीडरला फोटो म्हणजे कोरी पाटी. त्यातून अक्षरं काढायला ते वर चढवावे लागतात, नाहीतर कुणाला तरी व्हिडिओवर वाचून दाखव म्हणावं लागतं. सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाईन ग्रंथालयातून पुस्तक उतरवायचं तरी नेट. डोळस मुलगा झेरॉक्स काढून मोकळा होतो, याचं प्रत्येक पान डेटा खातं.

प्रेषक: आप्पा

पलूसला फायबर आलं? आमच्या भावकीत अजून टॉवरच्या नावानं शिमगा चालू आहे. कोयनेच्या बाजूला तर डोंगरावर रेंज, घरात नाही. पावसाळ्यात लाईट गेली की टॉवरही जातो. भाचा बांधावर उभा राहून ओटीपी घेतो आणि पळत घरी येतो, तोवर ओटीपीची वेळ संपते.

प्रेषक: छोटी

आप्पा काका, विषय फायबरचा नाही!

मला आकडा विचारायचाय. आपण निधी ठरवला तेव्हा महिन्याला २३९ धरून बारानं गुणलं ना? म्हणजे २८६८. जुलै २०२४ ला दर वाढले, तोच रोज दीड जीबीचा पॅक २९९ झाला. आणि तो पॅक महिन्याचा नसतोच, २८ दिवसांचा असतो. वर्षात तेरा लागतात. तेरा गुणिले २९९ म्हणजे ३८८७. एका मुलामागे हजाराहून जास्त फरक. पावती कुणाच्याही नावावर असली तरी तेरावा रिचार्ज आपण कधीच दिलेला नाही.

प्रेषक: बापू (सांगली)

तेरावा! आमच्याकडं तेराव्याला जेवण असतं. छोटी, हिशेब चोख आहे तुझा, खजिनदार हो पुढच्या वर्षी.

प्रेषक: खजिनदार

खुर्ची केव्हाही देतो. आनंदानं.

तेराव्या रिचार्जचं मान्य, ते मुळातच चुकीचं धरलं गेलं. पण नावाचा प्रश्न तसाच आहे. धर्मादाय संस्थांवर लक्ष ठेवणारं इथलं चॅरिटी कमिशन विश्वस्तांना विचारतं की पैसा ज्या कामासाठी गोळा केला त्यालाच गेला का. "ताई म्हणाल्या" हे उत्तर चालत नाही, ताईंवर माझा शंभर टक्के विश्वास असला तरी. १८ वर्षांखालच्यांचं समजलं. जे १९-२० चे आहेत त्यांचं काय? त्यांनी तरी सिम नावावर करावं.

प्रेषक: ताई (मिरज)

त्यातला एक अंध मुलगा गेला होता दुकानात. ऑनलाईन केवायसीत मोबाईल म्हणतो चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकावा. त्याला चौकट दिसत नाही आणि पापण्या हलत नाहीत. दुकानदार म्हणाला वडिलांच्याच नावावर राहू दे. सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ ला नेमकं यावरच सांगितलंय की केवायसी दिव्यांगांना जमेल अशी करा, डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, डिजिटल सेवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. निकालाची प्रत मी त्याला दिली. दुकानदारानं ती गल्ल्याखाली ठेवली.

प्रेषक: माई

मी दोन दिवस गप्प बसले. आता थोडं लांब लिहिते.

माझी लेक इथं युनिव्हर्सिटीत होती तेव्हा तिला डीएसए, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांचा सरकारी भत्ता, मिळाला. तो आई-बापाच्या उत्पन्नावर ठरत नाही आणि परत फेडायचा नसतो. लॅपटॉपचे पहिले २०० पौंड आम्ही भरले, तेवढं प्रत्येकाला भरावंच लागतं. बाकी पैसे थेट दुकानदाराला गेले. तिनं आधी खिशातून घाला, मग बिलं लावा, मग सहा महिने वाट बघा असं कुणी म्हटलं नाही. आपण मात्र ज्यांच्याकडे कमी आहे त्यांनाच म्हणतोय की आधी खर्च करा.

जतच्या मुलानं काय केलं ते ताईंनी मला फोनवर सांगितलं, इथं लिहिलं नाही. त्याच्याकडे एकदम २९९ जमत नव्हते. म्हणून तो दोन-दोन दिवसांचे छोटे डेटा पॅक मारत राहिला. सगळे जोडले तर महिन्याच्या पॅकपेक्षा महाग पडले. त्याची पावती कुठली? ज्या मुलाला सगळ्यात जास्त गरज, त्याचेच कागद सगळ्यात वाईट. त्यामुळे आपल्या चाळणीतून तोच पहिला गळतो आणि ज्याच्या बापाचं पोस्टपेड आहे त्याचं छापील बिल सुखरूप पास होतं.

नाव बिलावर शोधू नका. वर्षाच्या सुरुवातीला यादी करा: मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), कॉलेजचं बोनाफाईड, आणि तो वापरतो तो नंबर, मग सिम बापाचं असो नाहीतर काकाचं. त्यावर प्राचार्यांचा शिक्का. साताऱ्याच्या संस्थेनं दर २८ दिवसांनी त्या नंबरांवर थेट रिचार्ज मारायचा. पैसे त्यांच्याच खात्यातून जातील, नंबर-तारीख-रक्कम त्यांच्याच बँकेच्या आणि यूपीआयच्या नोंदीत राहील. परतावा हा शब्दच नको. वहीतली पानंही नकोत.

प्रेषक: नंदू

हेच मी म्हणत होतो!!

प्रेषक: छोटी

नंदूदादा, तू हे म्हणत नव्हतास.

प्रेषक: बापू (सांगली)

माई, शंभर टक्के. फक्त शिक्क्याचं जरा बघा. सुट्टीत प्राचार्य सापडत नाहीत आणि क्लार्क म्हणतो सोमवारी या. आणि रिचार्ज साताऱ्यातनं मारणार तर सांगलीच्या पोरांचा नंबर चुकला तर फोन कुणी करायचा? मी करतो. माझं नाव घाला.

प्रेषक: खजिनदार

माईंची पद्धत मला चालते. यादी, शिक्का, नंबर, संस्थेच्या खात्याची नोंद. ऑडिटरला हे दाखवता येईल. नियमावलीत "पावती विद्यार्थ्याच्या नावे" असं वाक्य आहे, ते बदलायला समितीचा ठराव लागेल, तो मेलवर घेऊ. तेरा रिचार्ज धरून वाढीव रक्कमही त्यातच. सांगलीचा संपर्क बापू. थांबवलेला हप्ता आहे त्या कागदांवर सोडतो आहे आणि तसं टिपणात लिहितो आहे, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको.

वायफायचं मला अजून पटलेलं नाही. भाजीच्या गाड्याचं उदाहरण ठीक, पण दुसरं घर पाच माणसांचं आहे आणि त्यात दोघं भाऊ आयटीआयला. अर्धं बिल द्यावं असं माझं मत.

प्रेषक: आप्पा

अर्धं कसं? वायफायचं पाणी आहे का, तांब्यानं मोजायला? मुलगी नसती तर घेतलं असतं का, एवढंच विचारा. घेतलं नसतं तर पूर्ण द्या. नाहीतर मोबाईलएवढं द्या आणि सोडा.

आणि हॉलचं अजून कुणी बोललं नाही. आगाऊ रक्कम भरायची आहे.

प्रेषक: ताई (मिरज)

आप्पांचा प्रश्न बरा आहे. दुसऱ्या घरी मीच विचारून येते.

यादीचा नमुना पाठवाल तो टाइप केलेल्या फाईलमध्ये पाठवा. मागचा अर्ज तुम्ही कागदाचा फोटो काढून पाठवला होता, तो आमच्या अंध मुलांना वाचताच आला नाही. माझ्या पुतण्यानं बसून सगळा परत टाइप केला.

पलूसचा केबलवाला पाच तारखेला येतो. पूर्ण की अर्धं, ते त्याआधी कळवा.

प्रेषक: खजिनदार

पलूसचं पूर्ण द्या. दुसऱ्या घराचं तुम्ही जाऊन आल्यावर बघू. नमुना आज रात्री टाइप करून टाकतो. आप्पा, हॉलसाठी वेगळी मेल काढा, ही नको.