एम. आर. जेम्सच्या भुतांच्या गोष्टींचे पहिले श्रोते कोण?

प्रश्न: हा इंग्रज लेखक नाताळच्या रात्री केंब्रिजमध्ये मित्रांना गोष्टी वाचून दाखवायचा, एवढंच सगळीकडे सापडतं. हे मित्र नेमके कोण?

प्रतिसाद १: इथे दोन बैठकांची सरमिसळ होते. पहिलं वाचन नाताळातलं नाहीच. २८ ऑक्टोबर १८९३ला केंब्रिजमधल्या चिटचॅट सोसायटी या मंडळात त्याने दोन गोष्टी वाचल्या. ई. एफ. बेन्सन तिथे हजर होता. पुढे तोही भयकथा लिहू लागला. नाताळचा रिवाज नंतरचा, किंग्ज कॉलेजातल्या त्याच्या खोलीतला. एक मेणबत्ती ठेवून बाकीच्या विझवायचा. हस्तलिखिताची शाई बरेचदा जेमतेम वाळलेली!

प्रतिसाद २: त्याचा चित्रकार मित्र जेम्स मॅकब्राइडला विसरू नका. १९०४चा एम. आर. जेम्सचा पहिला संग्रह निघाला तो मुख्यतः मॅकब्राइडच्या चित्रांसाठी. चारच चित्रं पूर्ण झाली आणि त्याच वर्षी तो गेला. दुसरा चित्रकार एम. आर. जेम्सने घेतला नाही, म्हणून पुस्तकात चित्रं एवढी कमी. मॅकब्राइडच्या पत्नीशी पत्रव्यवहार मात्र शेवटपर्यंत चालू राहिला.

प्रतिसाद ३: ई. जी. स्वेनही हवा. किंग्ज कॉलेजचा चॅप्लेन, म्हणजे तिथला धर्मगुरू. त्याचा १९१२चा संग्रह सौम्य, जवळजवळ प्रेमळ भुतांचा. माझ्या मते बेन्सनपेक्षा आधी तोच वाचा.