आरबी१७: नियम नाहीत, पण शर्यत तरी कोणाशी?

घाटवळण:
एफ-वन (फॉर्म्युला वन) शर्यतींतला संघ रेड बुल, त्यांच्या आरबी१७ या फक्त ट्रॅकवर चालवायच्या गाडीला सरसकट 'धनदांडग्यांचं खेळणं' म्हणून निकालात काढणं पटत नाही. शर्यतीच्या गाड्यांचा नामांकित रचनाकार एड्रियन न्यूईने ही गाडी शर्यतीच्या नियमावलीकडे पाठ फिरवून काढली. कॉसवर्थ कंपनीचं साडेचार लिटरचं, दहा सिलिंडरचं व्ही१० इंजिन, १५,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) किंचाळणारं. इंजिनाची १,००० हॉर्सपॉवर, वर इलेक्ट्रिक मोटरची २००, आणि वजन ९०० किलोच्या आत! शिवाय ॲक्टिव्ह सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरची गाडीची उंची संगणकाने सांभाळणारी यंत्रणा. १९९२ला एफ-वन ड्रायव्हर मॅन्सेलने हेच तंत्र असलेल्या विल्यम्स संघाच्या गाडीतून १६ पैकी ९ शर्यती मारल्या, १९९४पासून एफ-वनमध्ये त्यावर बंदी. इतकं भारी तंत्र कपाटात कुजवायचं का?

शंकेखोर:
बंदी का आली तेही सांगा ना. गाडीच ड्रायव्हरचं काम करायला लागली होती. आणि समोर कोणी नसलं की मोकळ्या आखाड्यात सगळेच पैलवान. ५० गाड्या, प्रत्येकी ५० लाख पौंड, कर वेगळा. ट्रॅकवर न्यायची आणि एकट्यानेच फिरवायची.

तुंबडीभर:
म्हणजे २५ कोटी पौंड झाले. एफ-वनमध्ये २०२१ला संघांच्या खर्चावर मर्यादा आली, रेड बुलने त्याच वर्षी ती ओलांडून ७० लाख डॉलर दंड भरला. मर्यादेमुळे जादा ठरलेल्या इंजिनिअरांना घरी बसवण्यापेक्षा बाजूच्या कंपनीत अशा गाडीवर लावणं हा चोख धंदा आहे. कलेची सेवा वगैरे म्हणू नका फक्त.

घाटवळण:
धंदा चोख असला म्हणून गाडी वाईट कशी ठरते?

शंकेखोर:
वाईट म्हटलंच नाही. इलेक्ट्रिक मोटर जोडून दिलेला हायब्रिडचा मुलामा खटकतो.

पिटलेनकाका:
मुलामा नाही हो. इतक्या वर फिरणाऱ्या बिनटर्बो इंजिनाला खालच्या आरपीएमला दम नसतो. वळणातून बाहेर पडताना मोटर ती कसर भरून काढते. बाकी आपल्याकडे कोणी घेतली तरी फिरवणार कुठे? ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर २०११ ते २०१३ तिन्ही वर्षं एफ-वन शर्यत झाली, ती ड्रायव्हर व्हेटेल रेड बुलमधूनच जिंकला, नंतर एफ-वन तिकडे फिरकलं नाही.

शंकेखोर:
काका, मोटर राहू द्या. त्या वळणातून बाहेर पडणारा कोण? वेगवान वळणांत मान जोरात बाजूला खेचली जाते म्हणून एफ-वनचे ड्रायव्हर मानेचा व्यायाम करकरून त्या गाडीत बसतात. आमचा शेठ पहिल्याच वेगवान वळणाला ॲक्सिलरेटरवरून पाय काढणार. डाऊनफोर्स, म्हणजे हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर, मिळतो वेगातून. हळू गेलात की गाडी रस्त्याला चिकटतच नाही. मग न्यूईची करामत कोणाच्या कामाची?

घाटवळण:
सिम्युलेटर आणि ट्रॅकवरचं प्रशिक्षण गाडीबरोबरच मिळतं. शिकेल की शेठ.